जुना सहकारी परत हवा आहे, पण नेमका कशासाठी?

पत्राचा सारांश: जुन्या फाइल-फॉरमॅटमधला मजकूर काढून देणारी एक छोटी ओपन सोर्स पायथन लायब्ररी आहे. चालवणारे सगळे स्वयंसेवक, नोकरी सांभाळून संध्याकाळी किंवा सुट्टीला काम करणारे. तिचा गाभा, म्हणजे सी भाषेतला पार्सर (फाइल वाचून तिचे भाग सुटे करणारा कोड) आणि बिल्डची स्क्रिप्ट (कोडपासून वापरण्याजोगं पॅकेज बांधणारी), एका सहकाऱ्याने लिहिला. तीन वर्षांपूर्वी तो हळूहळू दिसेनासा झाला. भांडण नाही, निरोप नाही. त्याचा शेवटचा पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल सामावून घेण्याची विनंती) चार महिने तसाच पडून राहिला आणि 'बराच काळ हालचाल नाही' म्हणून बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, बंद केला. त्यानंतर त्याने काही लिहिलेलं नाही.

आता पायथन ३.१२ पासून बिल्ड मोडलं आहे. पार्सरमधल्या एका फंक्शनवर 'हे हलवू नका' एवढीच कॉमेंट आहे आणि का हलवायचं नाही ते कुणालाच माहीत नाही. पायपीआयवर (पायथनची पॅकेजं जिथून मिळतात ते ठिकाण) प्रकल्पाचा एकमेव ओनर अजून तोच आहे. कोड जिथे ठेवला आहे त्या गिटहबवरचा त्याचा राइट ॲक्सेसही (थेट बदल करण्याचा अधिकार) कुणी काढलेला नाही. पार्सरची देखभाल वर्षभरापासून एक नवी सहकारी करते आहे. प्रकल्पाचे सध्याचे मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारे, विचारतात: त्याला परत कसं आणू? ओळखीतून त्याचा फोन नंबर मिळू शकेल, फोन करू का? आणि तो आलाच तर त्याला सगळे अधिकार लगेच द्यायचे, की नव्या माणसासारखं पहिल्यापासून सुरू करायला लावायचं? टीममध्ये दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, 'ज्याने उभं केलं त्यालाच परीक्षा द्यायला लावायची?' दुसऱ्याचं म्हणणं, 'मधेच सोडून गेलेल्याला मानाने बोलवायचं कशाला? शिवाय एक्सझेडचं प्रकरण विसरलात का?' (एक्सझेड या ओपन सोर्स प्रकल्पात विश्वास मिळवलेल्या एका अकाउंटने चोरवाट घातली होती, त्याबद्दल खाली.)

नमस्कार,

तुम्हाला तो माणूस हवा आहे, की त्याच्याकडे राहून गेलेल्या काही गोष्टी हव्या आहेत? पत्रात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. ती तशीच ठेवून मेल पाठवलात तर त्यालाही ती कळेल. 'खूप दिवसांत बोलणं नाही, कसा आहेस' अशी सुरुवात आणि तिसऱ्या ओळीला 'जरा पायपीआयवर मला ओनर करशील का'. वर्षानुवर्षं पत्ता नसलेला शाळेतला मित्र अचानक फोन करतो आणि विम्याची पॉलिसी काढतो, तसलं काहीतरी होऊन बसेल.

तेव्हा आधी एकेक गोष्ट सुटी करू.

बिल्डसाठी तो लागत नाही. पायथन ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं आणि त्यातून डिस्टयूटिल्स, म्हणजे पॅकेज बांधण्याचं जुनं साधन, काढून टाकलं गेलं. जुन्या स्क्रिप्टा थेट त्यावर बांधलेल्या असल्या की तिथेच अडतात. पण हे काही रातोरात झालेलं नाही. पेप ६३२ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा लेखी प्रस्ताव) ते आधीच जाहीर केलं होतं, कशाच्या जागी काय वापरायचं तेही त्यात सांगितलं आहे, आणि सी भाषेतला भाग त्याची जागा घेणाऱ्या सेटअपटूल्सवर नेण्याची वाट आता पुरती मळलेली आहे. स्क्रिप्ट त्याने लिहिली म्हणून दुरुस्तही त्यानेच करावी, हा तुमचा संकोच आहे, गरज नाही. उलट हे काम तुम्ही आधी संपवायला हवं. समजा तो आला, उत्साहाने रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) स्वतःकडे क्लोन केला आणि पहिल्याच कमांडला त्याच्या मशीनवर एररची रांग लागली, तर ती संध्याकाळ तिथेच संपली. दुसरी संध्याकाळ तो तुम्हाला देईलच असं नाही.

'हे हलवू नका' ही गोष्ट वेगळी. याचं उत्तर खरोखर त्याच्याच डोक्यात असण्याची शक्यता आहे. तरी तुमच्या बाजूची खोदाई आधी करा. गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते दाखवणारी कमांड) लावून ते फंक्शन कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, आलं ते शोधा. त्या कमिटच्या संदेशात इश्यूचा (नोंदवलेल्या अडचणीचा) नंबर असेल तर तो इश्यू उघडा, त्याला कुणी नमुन्याच्या फाइली जोडल्या आहेत का ते बघा. मग वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) ते फंक्शन सरळ काढून टाका आणि कुठल्या टेस्ट पडतात ते पाहा. एकही पडली नाही तर तेही उत्तरच आहे: टेस्ट नसल्यामुळेच त्याला कॉमेंट लिहावी लागली. एवढं केल्यावर तुमचा प्रश्न 'पार्सर जरा समजावून सांगशील का' असा राहत नाही. तो असा होतो: 'हेडरमधली लांबी शून्य आली की हे फंक्शन मागे जाऊन पुन्हा वाचतं. हे अर्धवट सेव्ह झालेल्या फाइलींसाठी होतं का?' पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला अख्खी सुट्टी लागेल. दुसऱ्याला तो बस स्टॉपवर उभ्या उभ्या उत्तर देईल. आणि प्रोग्रॅमर मंडळींची एक खोड आहे, आपल्या कोडबद्दल कुणी नेमकं आणि किंचित चुकीचं विधान केलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. हिचा फायदा घेण्यात काही गैर नाही.

आता पायपीआय. तिथे मेंटेनर आणि ओनर अशा दोन भूमिका आहेत. मेंटेनर असल्यामुळे तुम्ही रिलीज चढवू शकता, पण दुसऱ्या कुणाला जोडणं किंवा ट्रस्टेड पब्लिशिंगसारखी (पासवर्डाशिवाय आपोआप रिलीज चढवण्याची) सोय लावणं ओनरच्याच हातात असतं. म्हणजे आज काम अडलेलं नाही, पण तुमचं अकाउंट उद्या लॉक झालं तर अडेल. हे त्याच्याकडून करून घ्यायचंच आहे, फक्त 'दोन मिनिटांचं काम आहे' असं लिहू नका. १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयवर प्रत्येकाला दोन टप्प्यांची ओळखपडताळणी सक्तीची आहे. तीन वर्षं न उघडलेल्या अकाउंटचा पासवर्ड शोधणं, मेल तोच आहे का बघणं, फोनवर ॲप लावणं, रिकव्हरी कोड जपून ठेवणं, यात अर्धा तास सहज जातो. तेवढा वेळ लागेल असं सांगा आणि पायऱ्या लिहून द्या. ही विनंती वेगळ्या मेलमध्ये करा, पहिल्या मेलमध्ये तिचं नावही नको.

एवढं बाजूला काढल्यावर उरतो तो माणूस. आणि इथे मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबायचं आहे, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात.

त्याचा शेवटचा पुल रिक्वेस्ट चार महिने पडून होता आणि मग बॉटने बंद केला. गिटहबवर असे पडून राहिलेले इश्यू बंद करायला सर्रास जो बॉट वापरतात, त्याचं मूळ सेटिंग असं असतं: ६० दिवस हालचाल नसेल तर 'स्टेल'ची खूण आणि त्यानंतर ७ दिवसांनी बंद. तुम्ही ते बदललेलं नसेल, तर कुणीच काही केलं नसतं तर तो पुल रिक्वेस्ट दोन-सव्वादोन महिन्यांतच बंद झाला असता. तो चार महिने टिकला. म्हणजे मधे एकदा कुणीतरी तिथे काहीतरी लिहिलं असणार, म्हणून घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं. उघडून बघा. माझा अंदाज आहे की ते त्यानेच लिहिलं असेल: 'हे अजून लागू आहे, कुणाला वेळ मिळाला तर बघाल का?' आणि त्याच्या खाली पुन्हा ६० दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग बॉट आला.

माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण तो बरोबर असेल तर 'निरोप न घेता गेला' हे तुमचं म्हणणं पुन्हा तपासायला हवं. त्याने विचारलं होतं. उत्तर एका स्क्रिप्टने दिलं.

तुम्हाला दोषी ठरवायला मी हे लिहीत नाही. तुम्हीही नोकरी सांभाळूनच हे करता, आणि सी भाषेतल्या पार्सरचा मोठा पुल रिक्वेस्ट समोर आला की 'शनिवारी निवांत बघू' असंच कुणालाही वाटतं. पण सोडून जाणाऱ्यांबद्दल आपण जी कारणं गृहीत धरतो, रस संपला, नोकरी बदलली, घरी काहीतरी झालं, ती सगळी त्यांच्या बाजूची असतात. प्रकल्पाच्या बाजूची कारणं रेपोमध्ये तारखेसकट लिहिलेली असतात, ती वाचायला कुणी जात नाही. तुम्ही वाचा. त्याचे शेवटचे सहा महिने बघा: त्याच्या इश्यूंना किती दिवसांनी उत्तर मिळालं, त्याच्या कोडवर शेवटचा खराखुरा रिव्ह्यू कुणी केला, कुठे त्याचा मुद्दा न पटता बाजूला पडला. असं केल्यावर तुमच्या दुसऱ्या तटातल्या मित्राचा सूरही बहुधा खाली येईल. तसंही, 'मधेच सोडून गेला' या तक्रारीला ओपन सोर्समध्ये फारसा आधार नाही. आपण वापरणाऱ्यांना परवान्यातच लिहून देतो की हे 'जसं आहे तसं' आहे, कसली हमी नाही. जे आपण जगाला सांगतो ते आपल्याच माणसाला लागू नाही, असं कसं म्हणायचं?

तर सगळ्यात पहिलं काम: तो पुल रिक्वेस्ट पुन्हा उघडा. त्यातलं काय अजून उपयोगी आहे ते बघा. जे आहे ते सध्याच्या कोडवर आणून त्याच्या नावाने मर्ज करा, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्या. गिट लेखक आणि कमिट करणारा या दोघांची नोंद वेगळी ठेवतं, चेरी-पिक केलं (एकच कमिट उचलून दुसरीकडे लावलं) तरी मूळ लेखकाचं नाव तसंच राहतं, तुमचे श्रम वेगळे सह-लेखक म्हणून नोंदवता येतात. मर्ज करण्यासारखं काहीच उरलं नसेल तर का नाही ते तिथे माणसाच्या हाताने लिहा. चार वाक्यं पुरेत. आणि बॉटला ड्राफ्ट नसलेल्या, रिव्ह्यूची वाट बघत असलेल्या पुल रिक्वेस्टांपासून लांब ठेवा. उत्तर देणं ज्यांच्याकडे थकलं आहे त्यांनीच 'हालचाल नाही' म्हणून समोरच्याची फाइल बंद करणं हा प्रकार मला कधीच पटलेला नाही.

दुसरं काम, आणि हे त्याला मेल करण्याच्या आधीचं: पार्सर सांभाळणाऱ्या तुमच्या नव्या सहकारीशी बोला. पत्रात ती एका वाक्यात येऊन जाते, म्हणून विचारतो, तिला हे सगळं माहीत आहे का? वर्षभर तिने दुसऱ्याच्या कोडमध्ये, कॉमेंटांशिवाय, चाचपडत काम केलं. आता मूळ लेखक परत येणार म्हटल्यावर तिला दोन्ही वाटू शकतं: सुटलो, आणि मग माझं काय. तुमच्या पहिल्या तटाची भाषा, 'ज्याने उभं केलं त्यालाच', तिच्या कानावर गेली असेल तर दुसरंच जास्त वाटत असेल.

म्हणून निर्णय आधी करा आणि लिहून ठेवा. पार्सरच्या बाबतीत शेवटचा शब्द आज तिचा आहे. तो आला तरी तिचाच राहील. तो तिला सांगू शकतो, वाद घालू शकतो, 'तेव्हा असं का केलं' हे समजावू शकतो, पण तिने केलेला बदल उलटवायचा असेल तर त्यालाही पुल रिक्वेस्टच काढावा लागेल आणि रिव्ह्यू तिचा असेल. कोडओनर्सच्या फाइलमध्ये (कुठल्या कोडचा रिव्ह्यू कुणाचा ते सांगणारी गिटहबवरची फाइल) पार्सरच्या फोल्डरपुढे तिचं नाव घाला आणि ब्रँचच्या सेटिंगमध्ये तो रिव्ह्यू सक्तीचा करा, म्हणजे हे कुणाच्या सौजन्यावर अवलंबून राहणार नाही. जुन्या माणसाला यात कमीपणा वाटेल अशी भीती तुम्हाला वाटत असेल. मला उलटं वाटतं. आपलं जुनं काम कुणीतरी नीट सांभाळतंय हे दिसलं की परतणाऱ्याच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो, कारण त्याला यायचं असतं ते थोडंसं, आणि भीती अशी असते की पाऊल टाकलं की सगळंच पुन्हा गळ्यात पडेल.

आता मेल. फोन करू नका. तिसऱ्याकडून मिळवलेल्या नंबरवर फोन म्हणजे त्याने न दिलेल्या दारातून आत जाणं. कमिटमध्ये किंवा प्रोफाइलवर त्याने स्वतः दिलेला मेल आहे, तोच वापरा. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

'नमस्कार. खराब फाइलींवरचा तुझा पुल रिक्वेस्ट आम्ही चार महिने बघितलाच नाही आणि शेवटी बॉटने तो बंद केला. ते चुकलंच. आता तो सध्याच्या कोडवर आणून तुझ्या नावाने मर्ज केला आहे, पुढच्या रिलीजमध्ये जातोय. पार्सर वर्षभरापासून आपली नवी सहकारी सांभाळते, बिल्ड ३.१२ वर चालू झालं आहे. एक शंका आहे: हेडरची लांबी शून्य असताना मागे जाऊन वाचणारं फंक्शन अर्धवट सेव्ह झालेल्या फाइलींसाठी होतं का? आठवत असेल तर दोन ओळी लिही. नसेल किंवा वेळ नसेल तर काही बिघडत नाही, आम्ही टेस्ट लिहून पुढे जाऊ. कधी यावंसं वाटलं, नुसता एखादा रिव्ह्यू करायला का होईना, तर आनंद होईल.'

यात 'तुझी आठवण येते', 'तुझ्याशिवाय प्रकल्प थांबलाय' असलं काही नाही, हे मुद्दाम आहे. प्रकल्प थांबलाय म्हटलं की हाक ऐकणाऱ्याला ओझंच ऐकू येतं. 'का गेलास' हेही विचारलेलं नाही. सांगायचं असेल तर तो सांगेल. कारण आजारपण असू शकतं, किंवा नव्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कोडवर बंधन असू शकतं. हे दुसरं असेल तर मालकाची परवानगी आल्याशिवाय त्याचा नवा कोड मर्ज करू नका. इथे 'जाऊ दे रे, कोण बघतंय' म्हणण्यात त्याचंच नुकसान आहे.

अधिकारांच्या प्रश्नात तुमचे दोन्ही तट एकच चूक करताहेत असं मला वाटतं. दोघंही ॲक्सेसकडे सन्मान म्हणून बघताहेत. एकाला तो द्यायचा आहे, दुसऱ्याला नाकारायचा आहे. ॲक्सेस हे हत्यार आहे, ज्याला आज ते लागतं त्याच्या हातात असावं. सन्मान वेगळ्या ठिकाणी द्या.

मोठ्या प्रकल्पांनी हे केव्हाच वेगळं केलं आहे. अपाचे या ओपन सोर्स संस्थेत कमावलेलं मेरिट कालबाह्य होत नाही असं मानतात. माणूस एमेरिटस (मानाने निवृत्त) होतो आणि पुन्हा यायचं असेल तर परतीची वाट असते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पातही एमेरिटस डेव्हलपर असतात, आणि गायब झालेल्यांची चौकशी करायला वेगळी टीम आहे. लिनक्स कर्नलमध्ये काम थांबवलेल्या अनेकांची नावं मेंटेनर्सच्या फाइलमधून क्रेडिट्स नावाच्या फाइलमध्ये जातात. त्याच मेंटेनर्स फाइलमधली मला सगळ्यात आवडणारी सोय म्हणजे प्रत्येक भागापुढे लिहिलेली स्थिती. 'सपोर्टेड' म्हणजे हे काम करायला कुणाला तरी पगार मिळतो. 'मेंटेन्ड' म्हणजे कुणीतरी खरोखर बघतं. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण अधूनमधून एखादा पॅच टाकण्यापलीकडे त्याला वेळ नाही. आणि 'ऑर्फन' म्हणजे वाली नाही. 'ऑड फिक्सेस' ही लाजेची गोष्ट न मानता अधिकृत स्थिती म्हणून लिहून ठेवणं, ही तुमच्यासारख्या छोट्या प्रकल्पांनी जरूर उचलावी अशी गोष्ट आहे. परतणारे बहुतेक याच प्रकारात येतात. त्यांना पूर्ण मेंटेनर किंवा काहीच नाही एवढे दोनच पर्याय दिले तर ते काहीच नाही हा निवडतात.

राहिलं एक्सझेड. ते आठवून देणारा तुमचा मित्र बरोबर आहे, पण त्यातून त्याने काढलेला अर्थ अर्धा आहे. तिथे 'जिया तान' या नावाच्या अकाउंटने साधारण दोन वर्षं व्यवस्थित काम करून विश्वास मिळवला. मधल्या काळात दुसरी काही अकाउंटं मूळ मेंटेनरला टोचत राहिली, की प्रकल्प मंदावलाय, दुसऱ्याकडे द्या. तो एकटा होता आणि थकला होता. शेवटी २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली गेली. एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रॅमर मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते उघड झालं. यातला धोका जुन्या माणसाच्या परतण्याचा नव्हता. एकट्या पडलेल्या मेंटेनरवर दबाव आणून चाव्या काढून घेण्याचा होता. म्हणून परतणाऱ्याला संशयाने वागवण्यापेक्षा तुम्ही एकटे राहू नये, हा त्यातला तुमच्यासाठीचा भाग आहे.

त्यातून तुमच्या कामाचं जे निघतं ते असं. तीन वर्षं न वापरलेलं, राइट ॲक्सेस असलेलं त्याचं अकाउंट आज उघडं आहे, हा आत्ताचा, खराखुरा धोका. तो येवो न येवो, ते बंद करा, पण फक्त त्याचं नको. नियम करा की वर्षभर न वापरलेला ॲक्सेस आपोआप थांबेल आणि मागितल्यावर परत मिळेल, आणि तो सगळ्यांना लावा, तुम्हालासुद्धा. मग त्याचं नाव आभाराच्या यादीत वर ठेवून, कळवून, ॲक्सेस काढा. तो परत आला आणि नव्या मेलवरून, नवी की (ओळखीची डिजिटल किल्ली) घेऊन आला, तर ओळख पटवून घ्या: थोडा वेळ व्हिडिओवर बोला, किंवा त्याच्या जुन्या जीपीजी कीने (डिजिटल सहीच्या किल्लीने) एखादा संदेश सही करून मागा. त्याला राग येणार नाही. आलाच, तर हा नियम सगळ्यांना आहे हे सांगायला तुमच्याकडे लिखित पान असेल. ओळख पटली, दोन-तीन पुल रिक्वेस्ट नेहमीच्या वाटेने गेले आणि त्याला गरज पडली, की ॲक्सेस द्या. परीक्षा वगैरे काही नको.

तो आला तर पहिला महिना तुमच्यावर आहे, त्याच्यावर नाही. त्याची एसएसएच की बहुधा चालणार नाही, कारण गिटहब वर्षभर न वापरलेल्या की काढून टाकतं. बिचारा पुश करेल आणि 'परमिशन डिनाइड' बघून समजेल की आपल्याला हाकललंय. हे आधीच सांगून ठेवा. तो गेल्यापासून काय बदललं याचं एक पानभर टिपण तयार ठेवा: फॉरमॅटर कुठला लावता, टेस्ट कशा चालवायच्या, रिलीज कोण करतं, कुठले मोठे निर्णय झाले आणि का. 'का' सोडू नका, नाहीतर तो पहिल्या आठवड्यात तोच वाद पुन्हा उकरून काढेल जो तुम्ही दोन वर्षांपूर्वी मिटवला. त्याचा कमिटचा मेल बदलला असेल तर मेलमॅप फाइलमध्ये जुना-नवा जोडून द्या. आणि अकाउंटच नवं असेल तर स्वागताचा बॉट प्रकल्पाच्या मूळ लेखकाला 'पहिल्या योगदानाबद्दल अभिनंदन' म्हणायला पुढे सरसावेल. तो बॉट अकाउंट बघतो, मेलमॅप नाही, तेव्हा त्या दिवसापुरता बॉटच बंद ठेवा.

पहिलं काम एका संध्याकाळी पुरं होणारं द्या, आणि ते तुमच्या डोक्यावर जळत असलेलं नसावं. त्या फंक्शनसाठी टेस्ट लिहिणं चांगलं, कारण त्याच्या डोक्यातलं रेपोमध्ये येतं. नव्या सहकारीसोबत तासभर बसून पार्सर वाचणं त्याहून चांगलं, ती टिपणं घेईल. आणि त्याने काहीही टाकलं तरी दोन दिवसांत माणसाचं उत्तर गेलं पाहिजे, 'पाहिलं, रविवारी नीट बघते' एवढं का होईना. गेल्या वेळी नेमकं तेच हुकलं होतं.

उत्तरच आलं नाही, तर? महिन्याभराने ओनरशिपबद्दलचा तो वेगळा मेल पाठवा, पायऱ्यांसकट. त्यालाही उत्तर नाही आलं तर आणखी एकदा, आणि मग थांबा. सगळ्या मेलच्या तारखा जपून ठेवा. पायपीआयवर सापडत नसलेल्या ओनरसाठी पेप ५४१ मध्ये वाट आहे. तिथले लोक तुम्ही काय प्रयत्न केलेत ते विचारतात, स्वतः किमान तीनदा संपर्क करून पाहतात आणि सहा आठवडे वाट बघतात. वेळ लागेल, पण तोवर मेंटेनर म्हणून तुमची रिलीज चालू राहते. त्याचं नाव मात्र क्रेडिट्समध्ये तसंच ठेवा, उत्तर आलं नाही म्हणून खाली सरकवू नका.

आणि कुठल्याही वाटेने ओनर झालात, तर त्याच दिवशी पार्सर सांभाळणाऱ्या सहकारीलाही ओनर करून टाका.